रॉक्सबरीतल्या बंदुका: बोस्टनच्या ‘सीझफायर’चं प्रकरण

१९९० साली बोस्टन शहरात १५२ खून झाले. मेलेल्यांपैकी ७३ जण २४ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. तीनच वर्षं आधी, १९८७ मध्ये, या वयाच्या बळींची संख्या २२ होती. तेव्हा शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम महानगरपालिकेएवढी. बहुतेक खून गोळी लागून झाले होते आणि बहुतेक रॉक्सबरी, डॉर्चेस्टर आणि मॅटापॅन या तीन भागांत झाले होते. ब्लू हिल अव्हेन्यू हा लांबलचक रस्ता या तिन्ही भागांतून जातो. शहरातली कृष्णवर्णीय वस्ती मुख्यतः याच पट्ट्यात. हार्वर्ड आणि एमआयटी नदीपलीकडे, फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर.

पुढच्या नऊ वर्षांत हाच आकडा १५२ वरून ३१ वर आला. त्यातल्या मधल्या काही वर्षांत टोळ्यांना बोलावून गोळीबार थांबवण्याचा समोरासमोर इशारा देणारा ‘सीझफायर’ हा कार्यक्रम चालला, आणि तेव्हा जे घडलं त्याला अमेरिकेत ‘बोस्टन मिरॅकल’ म्हणजे चमत्कार म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. चमत्कार म्हटलं की कोणी काय केलं, कशाचा उपयोग झाला, कशाने नुकसान झालं, हे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. बंदूक-नियंत्रण आणि अल्पसंख्याक वस्ती यांचं नातं समजून घ्यायला मात्र हेच प्रश्न विचारावे लागतात.

कायदा आधीपासूनच होता

हे सगळं बंदुकांच्या बाबतीत मोकळ्या राज्यात घडलं असा समज होऊ शकतो. तसं नव्हतं. मॅसॅच्युसेट्स तेव्हाही अमेरिकेतल्या कडक राज्यांपैकी एक होतं. बंदूक बाळगण्यासाठी ओळखपत्र लागण्याचा नियम तिथे १९६८ पासून आहे. पिस्तूल अंगावर बाळगायचं तर स्थानिक पोलीस प्रमुखाकडून परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या दारात जावं लागतं, त्याची थोडीफार आठवण यावी अशी ही व्यवस्था. एप्रिल १९७५ पासून तिथे बार्टली-फॉक्स कायदाही लागू होता. विनापरवाना बंदूक घेऊन फिरताना सापडलात तर किमान एक वर्ष तुरुंग, त्यात न्यायाधीशालाही सूट देता येत नाही.

या कायद्याचा सुरुवातीला परिणाम झाला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की बंदुकीने होणारे हल्ले कमी झाले. चाकू आणि इतर हत्यारांचे हल्ले वाढले, पण गोळीपेक्षा चाकूने माणूस कमी मरतो, म्हणून हा फरक जिवाच्या हिशेबात मोठा होता. मग कोकेनपासून बनवलेला क्रॅक हा स्वस्त पदार्थ आला. बोस्टनमध्ये तो न्यूयॉर्कपेक्षा थोडा उशिरा, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पोहोचला. त्याच्याबरोबर नाक्यानाक्यावर विक्री आली, विक्रीबरोबर हद्दी आल्या, हद्दींबरोबर पिस्तुलं आली. धंद्यात असलेल्या पोराने पिस्तूल घेतलं म्हणून शेजारच्या गल्लीतल्या पोराने घेतलं, आणि त्याने घेतलं म्हणून धंद्याशी काही संबंध नसलेल्या तिसऱ्यानेही घेतलं. बोस्टनच्या पोरांशी बोललेल्या संशोधकांना पुढे हेच ऐकायला मिळालं: भीतीपोटी बंदूक. पोलीस पकडतील त्याची भीती वाटते, पण बंदुकीशिवाय सापडलो तर समोरचा सोडणार नाही, त्याची भीती त्याहून मोठी. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात हा हिशेब पक्का झाला की कायद्यातलं एक वर्ष त्याला फार वाटत नाही.

‘दिसला की झडती’

ऑगस्ट १९८८ मध्ये रॉक्सबरीत बारा वर्षांची एक मुलगी रस्त्याकडेच्या टपालपेटीवर बसली होती. दोन टोळ्यांच्या भांडणातली गोळी तिला लागली आणि ती मेली. शहर हादरलं. पोलिसांवर दबाव आला आणि त्यांनी त्या भागात एक धोरण राबवायला सुरुवात केली: टोळीशी संबंध असल्याचा संशय असलेला पोरगा दिसला की त्याची झडती. संशय म्हणजे काय, तर तो त्या गल्लीत राहतो, त्याने अमुक टोपी घातली आहे, तो तमुकच्या बरोबर उभा आहे.

सप्टेंबर १९८९ मध्ये अशाच झडतीत सापडलेल्या बंदुकीचा एक खटला न्यायाधीश कोर्टलंड मॅदर्स यांच्यासमोर आला. त्यांनी तो पुरावा फेटाळला. निकालात त्यांनी म्हटलं की रॉक्सबरीत एका विशिष्ट वर्गापुरता, म्हणजे टोळीचा संशय असलेल्या कृष्णवर्णीय तरुणांपुरता, लष्करी कायदाच जाहीर केल्यासारखं हे आहे. त्या मुलीच्या खुनाबद्दल दोषी ठरलेला तरुण पुढे २००३ साली सुटला, कारण त्याच्याविरुद्धचा खटलाच टिकला नाही. म्हणजे धोरण ज्या घटनेमुळे आलं, तिचाही न्याय त्या वस्तीला मिळाला नाही.

पुढच्याच महिन्यात, २३ ऑक्टोबर १९८९ ला, चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या गोऱ्या माणसाने गाडीतून पोलिसांना फोन केला. आपल्या गरोदर बायकोला आणि आपल्याला एका कृष्णवर्णीय माणसाने गोळी घातली, असं त्याने सांगितलं. बायको कॅरोल आणि बाळ दोघंही वाचले नाहीत. पोलीस मिशन हिल भागात घुसले. तरुणांना रस्त्यावर भिंतीला लावून, भर थंडीत कपडे उतरवून तपासलं गेलं. दोन कृष्णवर्णीय माणसांवर संशय घेतला गेला. जानेवारी १९९० मध्ये स्टुअर्टच्या भावाने तोंड उघडल्यावर खरं बाहेर आलं: खून स्टुअर्टनेच केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टोबिन पुलावरून उडी घेतली. शहराच्या वतीने त्या दोन माणसांची आणि वस्तीची माफी मागितली गेली ती डिसेंबर २०२३ मध्ये, महापौर मिशेल वू यांच्याकडून. चौतीस वर्षांनी.

हे इतकं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. कागदावरचा बंदूक-कायदा सगळ्यांना सारखा असतो. रस्त्यावर त्याची अंमलबजावणी मात्र कुणाच्या तरी खिशात हात घालूनच होते, आणि तो खिसा बहुतेक वेळा रॉक्सबरीतल्या पोराचा असतो. १९७४ मध्ये शाळांमधली वर्णविभागणी मोडण्यासाठी न्यायालयाने बसगाड्यांतून मुलांची अदलाबदल करायला लावली, तेव्हा याच शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले होते. त्या मुलांचे आईबाप अजून तिथेच राहत होते. त्यांना गोळीबार थांबवायचा होता आणि पोलिसांचा हा मनमानी धुमाकूळही नको होता. या दोन्ही मागण्या एकाच दमात करणाऱ्या माणसांचं त्या काळात कोणी ऐकत नव्हतं.

बंदुका येत होत्या कुठून

१९९५ च्या सुरुवातीला हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधले तिघेजण, डेव्हिड केनेडी, ॲन पील आणि अँथनी ब्रागा, यांनी केंद्र सरकारच्या न्याय संशोधन संस्थेच्या पैशातून ‘बोस्टन गन प्रोजेक्ट’ सुरू केला. सुरुवातीचा विचार सरळ होता: पोरांच्या हातात बंदुका पोहोचतात तो मार्ग शोधायचा आणि तो तोडायचा. म्हणजे हे मुळात बंदूक-नियंत्रणाचंच काम.

तेव्हा सगळ्यांचं एक ठाम मत होतं. आपल्या राज्यात कायदे कडक, तेव्हा बंदुका दक्षिणेतल्या ढिल्या राज्यांतून महामार्गाने वर येतात आणि पोरं घरफोड्या करून उरलेल्या मिळवतात. मग तपास कशाला करायचा, ते आपल्या हातात नाहीच. या पथकाने पोलिसांनी १९९१ ते १९९५ दरम्यान २१ वर्षांपर्यंतच्या मुलांकडून जप्त केलेल्या दीड हजारांहून जास्त बंदुकांचा माग काढला. प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक केंद्रीय शस्त्र विभागाकडे पाठवला की ती कारखान्यातून कोणत्या दुकानात गेली आणि तिथून पहिल्यांदा कोणी विकत घेतली ते कळतं.

जे दिसलं त्याने ते मत मोडलं. माग लागलेल्या बंदुकांपैकी जवळपास एक तृतीयांश मॅसॅच्युसेट्समधल्याच दुकानांतून पहिल्यांदा विकल्या गेल्या होत्या. चारातली एक बंदूक दोन वर्षांपेक्षाही नवी होती. इतक्या लवकर ती दुकानातून गल्लीतल्या पोराच्या कमरेला कशी लागली? सगळ्या बंदुका चोरीनेच तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं. परवाना असलेला कोणीतरी स्वतःच्या नावावर विकत घेऊन मागच्या दाराने विकत होता. पाचातल्या एका बंदुकीचा अनुक्रमांक घासून काढलेला होता. चोरीची बंदूक विकणाऱ्याला आकडा घासायचं फार कारण नसतं. ज्याच्या नावावर ती मुळात घेतली आहे त्याला असतं.

पोरांना नवीकोरी अर्ध-स्वयंचलित पिस्तुलं हवी असत. जुन्या बंदुकीवर कुणाचा खून आधीच चिकटलेला आहे कोण जाणे, अशी त्यांची भीती. त्यात लॉस एंजेलिसच्या आसपासच्या मोजक्या कंपन्यांची स्वस्त पिस्तुलं पुष्कळ सापडत होती. यातून कामाची दिशा ठरली: सगळ्या शहराच्या खिशांऐवजी नव्या बंदुका, घासलेले आकडे आणि टोळ्यांना आवडणाऱ्या मोजक्या कंपन्यांच्या बंदुका, यांच्यावर लक्ष. डॉर्चेस्टरमधल्या वेंडोव्हर स्ट्रीटवरच्या एका टोळीवर पोलिसांनी आधीच असा प्रयोग केला होता. ‘ऑपरेशन स्क्रॅप आयर्न’ हे त्याचं नाव. बाहेरून बंदुका आणणाऱ्यांवर खटले भरले गेले आणि गोळीबार थांबत नाही तोवर त्या गल्लीत कुठलीही छोटी चूकही खपवून घेतली जाणार नाही, असं पोरांना सांगितलं गेलं. काही काळाने पोरांनी बंदुका आणून दिल्या.

पुरवठ्यावरचं हे काम महत्त्वाचं होतं. जुलै १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १७ शहरांत याच धर्तीवर माग काढण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पण बोस्टनमध्येच त्याचं गाडं फार पुढे गेलं नाही. विकणाऱ्यांवरचे खटले वेळखाऊ, एका खटल्यात माणूस वर्षभर अडकतो. आणि शहरात आधीच इतकी पिस्तुलं होती की नवी आवक थांबली तरी जुन्या बंदुका वर्षानुवर्षं पुरल्या असत्या.

एकसष्ट टोळ्या

खरी कलाटणी दुसऱ्या प्रश्नातून मिळाली. कोण कुणाला मारतंय?

१९९० ते १९९४ या काळात गोळीने किंवा सुऱ्याने मेलेले २१ वर्षांपर्यंतचे १५५ बळी या पथकाने घेतले. पोलीस, प्रोबेशन अधिकारी (म्हणजे शिक्षेऐवजी अटींवर मोकळं सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे) आणि शहराने नेमलेले रस्त्यावरचे कार्यकर्ते यांना एका टेबलाभोवती बसवलं आणि एकेक खून समोर ठेवला. हा का झाला? कोण होता तो? कोणाशी भांडण होतं? पुस्तकी माहितीत जे नसतं ते या लोकांना तोंडपाठ होतं. नकाशावर रेषा ओढल्या गेल्या, कोणत्या टोळीचं कोणाशी वैर.

निघालं ते असं: एकूण ६१ टोळ्या, मिळून सुमारे १३०० पोरं. शहरातल्या त्या वयाच्या मुलांच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. तरुणांच्या निदान ६० टक्के खुनांमागे हीच पोरं होती. मारणारे आणि मरणारे बहुतेक एकाच यादीत. बळींपैकी तीन चतुर्थांश आणि माहीत असलेल्या मारेकऱ्यांपैकीही जवळपास तितकेच, आधी कधी ना कधी कोर्टासमोर आले होते. मारेकऱ्यांपैकी चारातला एक तर खून करताना प्रोबेशनवर होता.

हा आकडा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पोलीस ज्या भागात प्रत्येक तरुणाला संशयित मानत होते, तिथली जवळजवळ सगळी पोरं निर्दोष होती. आणि जी थोडी नव्हती, ती व्यवस्थेला अगदी नावानिशी माहीत होती. सरसकट झडतीची गरजच नव्हती. जो धोका होता तो एका हाताच्या अंतरावर होता आणि त्याला नाव होतं, पत्ता होता, प्रोबेशन अधिकारी होता.

१५ मे १९९६, डॉर्चेस्टर कोर्ट

पहिली बैठक व्हॅम्प हिल किंग्ज या टोळीबरोबर झाली. त्या वसंतात टोळीत आपसातच गोळीबार सुरू होता. प्रोबेशनवर असलेल्या पोरांना त्यांच्या अधिकाऱ्यांनी कोर्टात हजर राहायला सांगितलं. खोलीत टोळीची पोरं बसली आणि समोर एका रांगेत शहर पोलीस, राज्याचे आणि केंद्राचे सरकारी वकील, प्रोबेशन, बालगुन्हेगारांचा विभाग, केंद्रीय शस्त्र विभाग, रस्त्यावरचे कार्यकर्ते आणि धर्मगुरू.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. आम्ही तुम्हाला ओळखतो. तुम्ही नशा करता, विकता, हे आम्हाला माहीत आहे, आज आम्ही त्यासाठी आलेलो नाही. आम्ही गोळीबारासाठी आलोय. तुमच्यातल्या कोणीही गोळी झाडली तर पूर्ण टोळीवर सगळ्या बाजूंनी येऊ. प्रोबेशनच्या सगळ्या अटी काटेकोर तपासल्या जातील, जुने वॉरंट निघतील, विक्री बंद होईल, आणि ज्यांच्यावर केंद्राचा खटला भरता येईल त्यांच्यावर भरू. थांबलात तर शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, ज्याला जे हवं त्यात मदत करू.

आणि एक पत्रक वाटलं. त्यावर एका माणसाचं उदाहरण होतं. त्याच्याकडे पोलिसांना बंदूकही सापडली नव्हती, एक गोळी सापडली होती. पण आधीच्या गुन्ह्यांमुळे त्याला गोळी बाळगण्याचीही बंदी होती आणि केंद्रीय कायद्यात तीन गंभीर शिक्षा झालेल्या माणसाला किमान १५ वर्षांची तरतूद आहे. त्याला १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा झाली, पॅरोल नाही, आणि तुरुंग घरापासून दूर, दुसऱ्या राज्यात. आपल्याकडच्या पोरांना ‘मोक्का लावू’ म्हटलं की जो फरक कळतो, तो या एका गोळीने त्या पोरांना कळला.

ऑगस्ट १९९६ मध्ये रॉक्सबरीतल्या इंटरव्हेल पॉसी या टोळीने इशारा ऐकला नाही. एका पहाटे वीसहून अधिक जणांना उचललं गेलं, त्यातल्या बऱ्याच जणांवर केंद्राचे खटले. पुढच्या बैठकांत बाकीच्या टोळ्यांना हेच सांगितलं गेलं: त्यांना आधी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

इथे कायद्याची जागा पाहण्यासारखी आहे. परवान्याचा नियम, बार्टली-फॉक्स, गुन्हेगाराला शस्त्रबंदी करणारा १९६८ चा केंद्रीय कायदा, हे सगळं वापरलं गेलं. तेच कायदे आधीही होते. फरक पडला तो कोणावर आणि कशासाठी वापरणार हे आधी तोंडावर सांगण्यात. कायद्याचा सगळा जोर १३०० जणांवर एकवटला, म्हणून बाकीच्या हजारोंची मान मोकळी झाली.

वस्तीतली माणसं

मे १९९२ मध्ये मॅटापॅनच्या मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका तरुणाचे अंत्यसंस्कार चालू असताना टोळीची पोरं आत घुसली आणि तिथेच एकाला मारहाण करून भोसकलं. चर्चच्या आत. त्यातून ‘टेन पॉइंट कोएलिशन’ ही धर्मगुरूंची आघाडी उभी राहिली. जेफ्री ब्राउन, रे हॅमंड, युजीन रिव्हर्स हे त्यातले ठळक चेहरे. रात्री रस्त्यावर फिरायचं, पोरांशी बोलायचं, असा त्यांनी नेम धरला. आधी हीच मंडळी पोलिसांचे कडवे टीकाकार होती. हळूहळू एक अलिखित करार झाला: कामापुरती आणि सभ्यतेने झालेली कारवाई असेल तर आम्ही वस्तीसमोर तिच्या बाजूने उभे राहू, मर्यादा सोडलीत तर पहिल्यांदा आम्हीच कॅमेऱ्यासमोर येऊ. हा दुसरा भाग लोक विसरतात. त्यांच्या पाठिंब्याला किंमत होती ती त्यांचा विरोध खरा होता म्हणून.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डॉर्चेस्टरच्या प्रोबेशन अधिकाऱ्यांनी पोलिसांबरोबर रात्री पोरांच्या घरी जायला सुरुवात केली होती, ‘नाइट लाइट’ नावाने. आई-आजी दारात उभी राहून सांगायच्या, घरात आहे, या आत. अनेकींना आनंदच व्हायचा. पोराला मित्रांना सांगायला निमित्त मिळे: मला यायचं नाही असं नाही, पण प्रोबेशनवाला येईल.

डिसेंबर १९९३ मध्ये डॉर्चेस्टरमध्ये पंधरा वर्षांचा लुई ब्राउन टोळ्यांच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या मुलांच्या नाताळच्या कार्यक्रमाला निघाला होता. वाटेतल्या गोळीबारात त्याचा जीव गेला. त्याची आई टीना चेरी यांनी पुढच्या वर्षी त्याच्या नावाने शांतता संस्था काढली. संस्थेचं मुख्य काम आजही अगदी व्यावहारिक आहे: खून झाल्यावर पहिल्या काही दिवसांत त्या घराला काय लागतं ते करणं. अंत्यविधीचा खर्च, सरकारी भरपाईचे अर्ज, पोलीस आणि वकील यांच्याशी बोलणं, भावंडांच्या शाळेशी बोलणं. सूडाची पुढची गोळी बहुतेक याच दिवसांत सुटते. १९९६ पासून ही संस्था दर मातृदिनी पायी मोर्चा काढते. मारणाऱ्याचं कुटुंब आणि मेलेल्याचं कुटुंब त्यात बरोबर चाललेलं अनेक वेळा दिसलं आहे.

श्रेय किती द्यायचं

१९९१ ते १९९५ मध्ये बोस्टनमध्ये २४ वर्षांपर्यंतचे सरासरी ४४ तरुण दर वर्षी मारले जात होते. १९९६ मध्ये २६, १९९७ मध्ये १५. ब्रागा आणि सहकाऱ्यांच्या मूल्यमापनात महिन्याच्या तरुण-खुनांत ६३ टक्के घट दिसली. गोळीबाराच्या फोनमध्ये ३२ टक्के, बंदूक-हल्ल्यांत २५ टक्के. जुलै १९९५ पासून जवळपास अडीच वर्षं १७ वर्षांखालचं एकही मूल बंदुकीने मेलं नाही.

मात्र त्यातली जुलै १९९५ ही तारीख नीट पाहा. ती पहिल्या बैठकीच्या दहा महिने आधीची आहे. त्या दशकात अमेरिकेत सगळीकडेच खून कमी होत होते, क्रॅकचा बाजार ओसरत होता, रोजगार वाढत होता. २००५ मध्ये रिचर्ड रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी इतर शहरांशी तुलना करून म्हटलं की बोस्टनची घट जास्त होती, पण एका शहरात इतके कमी खून असतात की फरक नक्की सीझफायरमुळेच, हे संख्याशास्त्राने ठामपणे सांगता येत नाही. हा आक्षेप मला योग्य वाटतो. ज्यांनी चमत्काराच्या गोष्टी सांगत दुसऱ्या शहरांत फक्त धमक्यांच्या बैठका भरवल्या, त्यांनी तो मनावर घ्यायला हवा होता.

पण मला तितकाच वजनदार वाटणारा दुसरा पुरावा बोस्टनमध्येच पुढे मिळाला, आणि तो वाईट मार्गाने मिळाला. जानेवारी २००० मध्ये सीझफायर बंद पडलं. कोणी बंद करायचं ठरवलंही नव्हतं. ते चालवणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली, हार्वर्डचे लोक पांगले, धर्मगुरूंच्या आघाडीत मतभेद झाले. खून पुन्हा वाढू लागले. २००५ मध्ये शहरात ७५ खून झाले, दहा वर्षांतला सर्वोच्च आकडा. कायदे तेच होते, उलट १९९८ मध्ये ते आणखी कडक झाले होते. २००७ मध्ये नवे पोलीस आयुक्त एड डेव्हिस यांनी काम पुन्हा सुरू केलं. पुढच्या अभ्यासात ज्या टोळ्यांशी बैठका झाल्या त्यांच्या गोळीबारात, बैठका न झालेल्या टोळ्यांच्या तुलनेत, ३१ टक्के घट दिसली.

जुना हात पुन्हा खिशात

याच काळात पोलिसांची जुनी सवय परत आली होती. २००७ ते २०१० मध्ये बोस्टन पोलिसांनी रस्त्यावर लोकांना थांबवल्याच्या, विचारपूस केल्याच्या दोन लाखांहून अधिक नोंदी केल्या. त्यातल्या ६३ टक्के लोक कृष्णवर्णीय होते, लोकसंख्येत त्यांचा वाटा २४ टक्के. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका बंदुकीच्याच खटल्यात म्हटलं की बोस्टनमधला कृष्णवर्णीय माणूस पोलीस दिसल्यावर पळाला, एवढ्यावरून तो गुन्हेगार असल्याचा संशय घेता येत नाही. रोजच्या झडतीच्या अपमानातून सुटायलाही तो पळत असू शकतो. टोळ्यांच्या सदस्यांची जी यादी एकेकाळी टेबलाभोवती बसून माणसांनी बनवली होती, तिची जागा गुण देणाऱ्या संगणकीय नोंदवहीने घेतली. कोणाबरोबर दिसला, किती गुण, बस. २०२२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने या गुणपद्धतीवर अजिबात विश्वास ठेवता येत नाही, असं एका स्थलांतरित तरुणाच्या प्रकरणात म्हटलं.

दरम्यान संशोधकांनी आणखी बारकाईने पाहिलं. १९८० ते २००८ या काळातले बोस्टनचे तीन चतुर्थांश गोळीबार शहराच्या पाच टक्क्यांपेक्षाही कमी नाक्यांवर आणि रस्त्यांच्या तुकड्यांवर झाले होते. केप व्हर्दे या आफ्रिकेजवळच्या बेटांवरून आलेल्या समाजातल्या ७६३ तरुणांच्या एका जाळ्याचा अभ्यास झाला. गोळी लागलेल्या माणसापासून ओळखीची एकेक पायरी दूर गेलं की स्वतःला गोळी लागण्याची शक्यता सुमारे पाव हिश्शाने कमी होते. १९९५ ला टेबलाभोवती जे तोंडी सांगितलं गेलं होतं, तेच आकड्यांत पुन्हा निघालं.

२०२४ मध्ये बोस्टनमध्ये २४ खून झाले, १९५७ नंतरचा सर्वात कमी आकडा. त्याच वर्षी राज्याने अनुक्रमांक नसलेल्या, सुटे भाग जोडून घरी बनवल्या जाणाऱ्या बंदुकांविरुद्ध नवा कायदा केला. तो हवाच होता. अनुक्रमांकाशिवाय माग निघत नाही आणि १९९५ चं सगळं काम मागावरच उभं होतं.

पण एक थकबाकी अजून आहे. वॉशिंग्टन पोस्टने २०१८ मध्ये दाखवलं की बोस्टनमध्ये बळी गोरा असेल तर सुमारे ९० टक्के खुनांत अटक होते, कृष्णवर्णीय असेल तर ४२ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा बंदूक-नियंत्रणाच्या चर्चेत फारसा येत नाही, आणि तो तिथेच यायला हवा. भावाला मारणारा गल्लीत मोकळा फिरतो आहे हे ज्या मुलाला माहीत आहे, त्याला पिस्तूल घेऊ नकोस असं कुठल्या तोंडाने सांगणार? बोस्टन पोलिसांनी २०१२ मध्ये खुनाच्या तपास पथकात माणसं वाढवली, घटनास्थळी लवकर पोहोचायची आणि नातेवाइकांशी सतत बोलायची पद्धत घालून दिली. उलगडा झालेल्या खुनांचं प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेलं. नवा कायदा लागला नाही, कुणाच्या खिशात हात घालावा लागला नाही. त्या वाढीचा किती भाग ब्लू हिल अव्हेन्यूच्या पट्ट्यातल्या घरांपर्यंत पोहोचला, हे शहराने दर वर्षी जाहीर करावं, अशी मागणी तिथल्या आयांनी करायला हवी आणि त्यांच्या बाजूने आपण सगळ्यांनी.